यंदाचा संघ

बोरस्ते पुण्याला गेला, नोकरी लागली.
सलामीची जागा
पडलेल्या दातासारखी जिभेला लागत राहते.
गायधनीचा गुडघा अजून कुरकुरतो,
आणि फिरकीवाला धात्रक
सातपूरची रात्रपाळी उरकून
डब्यासकट नेटमध्ये येतो.
डोळे मिटतात, चेंडू मात्र वळतो.

ओझरहून एक पोरगा आलाय, मोगलांचा.
परवा गोल्फ क्लबवर
त्याने मधली यष्टी अशी उडवली
की रोलरला टेकलेले सुकदेवमामा
विडी विझवून सरळ उभे राहिले.

मागल्या साली नऊ धावांनी घरी आलो.
यंदा?
मी स्कोअरर, अंदाज माझं काम नाही.
तरी नव्या वहीत
पहिली ओळ कोरी सोडून
बाकीची नावं लिहून ठेवलीत,
पेन्सिलीनं.