निम्म, नम्म

चाळीस दिवसांतला आज अकरावा.
साखर तीनशेवर गेल्यापासून
डॉक्टरांनी माझा उपास बंद केलाय.
सकाळी आठाला एस्तेर ताटली ठेवते,
भाकरी, वर पुंडीची भाजी,
आणि म्हणते, "खावा की वो, देव काय रागवत नाही."
एकेचाळीस वर्षं मंडळीला उपाशी राहायला सांगितलेला माणूस
गोळी आधी की भाकरी आधी, हे विचारून
खातो.

खिडकीतून मलप्रभा दिसते,
म्हणजे आता नुसती वाळू.
पलीकडे काजू मोहरलाय.
पेटीत झगे दोन, एकाला कसर लागलेली,
आणि एक वही. मंडळीची नव्हे, माझी.
बाप्तिस्मे तीनशे बारा.
लग्नं एकशे सहा. त्यातल्या चारांना मी नको म्हणत होतो,
तीच चांगली टिकली.
मूठमातीच्या पानावर आकडा नाही,
नावंच लिहीत गेलोय,
आधी देवनागरीत,
आणि हुक्केरीला नेमणूक झाल्यावर
पहिलीच्या पोरांसोबत गिरवलेल्या
कन्नड अक्षरांत.

निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या बाया
लेंटमधल्या शुक्रवारी संध्याकाळी यायच्या.
पदर झटकला की सगळी मंडळी शिंकायची,
मीसुद्धा, वचनाच्या मधोमध.
मग आवाज चढवून मी म्हणायचो : तुमची पापं.
सकाळी सहापासून उभ्या असलेल्या बायांना :
तुमची पापं.
त्या माना हलवायच्या.
मला वाटायचं, पटतंय.
डुलक्या होत्या त्या.

हुक्केरीत पाटीवरून भांडण.
मराठी ओळ वर की कन्नड?
देवपुत्रप्पा गवंडी म्हणाला, वर-खाली नको,
शेजारी-शेजारी लिहा.
मग डावीकडे कोण, यात दोन रविवार गेले.
शेवटी पाटी कोरीच लागली.
येणाऱ्यांना वाट ठाऊक होती.

तोच देवपुत्रप्पा, तिसऱ्या आठवड्यात,
घोंगडीखाली काडीएवढा.
वीज गेलेली. सून दाराशी कंदील धरून.
मी मराठी पुस्तक उघडलं, तसा तो म्हणाला,
"मराठीत विहिरी बांधल्या, अय्यनवरे,
मराठीत मरायला नाही जमायचं."
म्हणून कन्नडमधून सुरू केलं.
परलोकदल्लिरुव नम्म तंदेये...
पहिली ओळ पाठ होती, नीट गेली.
भाकरीपर्यंतही आलो.
मग क्षमेपाशी जीभ घसरली :
निम्म तप्पुगळन्नु क्षमिसु.
घोंगडीतून एक बोट वर आलं,
चुना खाऊन पांढरं पडलेलं.
"निम्म अल्ल, अय्यनवरे.
नम्म."

तुमची नव्हे.
आमची, म्हणाला असेल.
की आपली?
कन्नडला एकाच शब्दात भागतं.
मराठीत आमची म्हटलं तर मी बाहेर राहतो,
आपली म्हटलं तर
त्या बाजेवर त्याच्या शेजारी मलाही निजावं लागतं.
मी अजून ठरवतोय.

चूक सुधारून पुन्हा म्हटलं.
तो आमेन म्हणाला की खोकला, कळलं नाही.
पहाटे गेला.

यातून मी काही शिकलो, असं लिहायला बरं दिसेल.
पण त्याच वर्षी उत्तम शुक्रवारी
पुलपिटाच्या कडा धरून मी पुन्हा म्हणालो,
तुमची पापं.
आणि नंतरची अकरा वर्षं.
सवयच ती, झग्यासारखी,
बाह्या आपोआप सापडायच्या.

यंदा सोडायला माझ्याकडे अन्न नाही.
एक शब्द आहे, तो सोडू बघतो.
काल रात्री प्रार्थनेत दोनदा आला ओठावर,
एस्तेरनं डोळे मिटले होते,
बहुतेक ऐकलं नाही.
बहुतेक ऐकलं.

वहीत त्याचं नाव शोधलं.
शेवटच्या प-खाली दुसरा प जोडायचा राहिलाय,
इतकी वर्षं तो चुकीचाच पुरलेला आहे माझ्याकडे.
पेन उघडलं. मग मिटलं.
राहू दे.
भेटल्यावर तोच दाखवील.

आतून हाक येते, "गोळी घेतली काय वो?"
मी नुसतं
बोट वर करतो.