पीठ भिजेपर्यंत

व्हर्ली आली ती दळणयंत्र घेऊन,
कोंबडी धरावी तसं काखेत.
डेटनहून इथवर, टेनेसीच्या या डोंगरात,
सहा तास त्याला शेजारच्या सीटवर बसवून
पट्टा बांधून आणलेलं.
अकरा वर्षांनी उंबऱ्याच्या आत पाऊल,
आणि पहिलं वाक्य काय, तर
"टेबल मजबूत आहे ना तुझं?"

मजबूत आहे.
याच टेबलावर वाटण्या झाल्या होत्या आईच्या पश्चात.
गोधड्या तिला, बिडाचा तवा मला.
ती म्हणाली, तवा थोरलीचा असतो.
मी म्हणाले, जी मागे राहिली तिचा असतो,
जिनं शेवटचे सात महिने चादरी धुतल्या तिचा.
तिथून अबोला.

"गहू आणलेत," म्हणाली. "लाल."
मक्याच्या ब्रेडमध्ये गहू?
आईच्या कानावर गेलं तर!
आई चर्चमागच्या चढावर आहे,
तिथवर काही जात नाही.
तरी मी खिडकी लावून घेतली.

मी स्क्रू आवळला, तिनं दांडा धरला.
तिची मनगटं कधी आईची झाली?
खडखडत दगड फिरले,
आधी माझा पांढरा मका, मागच्या उतारावरचा,
रॅकूनांनी ठेवला तेवढा,
मग तिचा गहू.
पीठ पडत होतं भांड्यात,
मी बोट घातलं. कोमट.
झोपेतून उठलेल्या मुलाच्या मानेसारखं.
ती म्हणाली, दुकानातलं पीठ मेलेलं असतं.
मी हो म्हटलं नाही
पण बोटही काढलं नाही.

दोन वाट्या मका, एक गहू,
ताक, मीठ, सोडा, एक अंडं.
तिचा हात साखरेच्या डब्याकडे गेला.
मी नुसतं बघितलं.
हात माघारी आला.

"आता थांबायचं," ती म्हणाली,
"ताज्या पिठात कोंडा असतो अख्खा,
त्याला सावकाश पिऊ द्यायचं.
पंधरा मिनिटं. घाई केलीस
तर दाताखाली वाळू."

अकरा वर्षं निघून गेली होती,
पंधरा मिनिटं निघेनात.
ओव्हनमध्ये तव्यात चरबी वितळत होती.
कुत्रा दोघींच्या मध्ये येऊन आडवा झाला,
त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती.
मी म्हटलं, वास सुटलाय.
ती म्हणाली, असेल.
मग जरा वेळानं:
"मला येत नाही गं.
त्या हिवाळ्यातल्या तापापासून. कॉफी, धूर,
डॉयलचे शर्ट, काही म्हणता काही नाही."

"मग एवढं दळतेस कशाला?"

"हाताला कळतं."

पीठ ओतलं तेव्हा तवा चर्र बोलला,
तो तरी तिला ऐकू आला, मान वर झाली.
चोवीस मिनिटं. कडा खरपूस.
ताटात उलटा केला, तर तळाशी
तळहाताएवढा तुकडा चिकटून राहिला.
लहानपणी त्याच तुकड्यावरून
आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटायचो.
सुरीनं खरवडून
तिनं तो सगळा खाल्ला, उभ्यानं,
डोळे मिटून, कुरकुर ऐकत.
मी वाटा मागितला नाही.

निघताना तवा वर्तमानपत्रात गुंडाळून
मीच तिच्या गाडीत ठेवला, पट्टा बांधला.
तिनं सोडला.
पायरीवर आणून ठेवला तवा.
"जड आहे," म्हणाली. "माझ्या मनगटाला झेपत नाही."
दोन तास दांडा फिरवला होता त्याच मनगटानं!

यंत्र मात्र टेबलालाच राहिलं.
स्क्रू तिला सोडवता आला नाही
की आठवणच झाली नाही, देव जाणे.
मीही सोडवलेला नाही.
जेवताना कोपर लागतं त्याला रोज.