टेपचा चेंडू

स्कोअर मला विचारू नका.
घोटे विचारा.

तामेश्वरीचा डावा, भिलाईत दोनदा मुरगळलेला,
त्याला आठाचे फेरे लागतात, टाचेवर दोन कुलुपं.
जिन्सी सहा फूट तीन इंच, पण कातडी तान्ह्या बाळाची,
आधी फोम, मग टेप, नाहीतर रात्री फोड.
ऋजुताला घट्ट चालत नाही.
"ताई, पायाचा जीव घुसमटतो."
असं म्हणणारी अख्ख्या लीगमध्ये तीच एक.

आमचा मालक शेव विकतो.
म्हणून जर्सी पिवळी,
पाठीवर नंबरापेक्षा मोठं लसूण शेवेचं पाकीट,
आणि पगाराचा दुसरा हप्ता
दर सोमवारी पुढच्या सोमवारी.
पहिल्या पाच मॅचेस हरलो.
पाचवीला प्रेक्षक साठ, त्यातले अकरा त्याच्याच दुकानातले,
टाळ्या वाजवायला अर्धा दिवस सुटलेले.

मॅच संपली की मी टेप कापते.
कात्रीचं बोथट टोक घोट्याच्या आतून वर सरकवायचं,
साल सुटल्यासारखी टेप येते,
ओलसर, आतून पायाचा आकार धरलेली.
त्या रात्री कोणी बोलत नव्हतं. डबा भरून वाहत होता.
मी सालं एकावर एक गुंडाळत बसले,
हातांना काहीतरी हवं होतं.
मोसंबीएवढा गोळा झाला.

सहावी जिंकलो. एका गुणाने, तोही समोरच्यांच्या चुकीने.
तामेश्वरीचं फर्मान निघालं:
ताई, गुंडाळायचा. रोज. प्रत्येकीची एक पट्टी.
जयपूरला त्याचा नारळ झाला,
कोइंबतूरला शहाळं.
विमानतळावर सुरक्षावाल्याने तो दोनदा मशीनमधून काढला,
नाकाला रुमाल लावून विचारलं, क्या है ये?
जिन्सी म्हणाली, दवाई.

माझा गुडघा अठ्ठ्याण्णव साली गेला,
रेसकोर्स रोडवरच, तेव्हाच्या सिमेंटच्या कोर्टावर.
टेप नव्हती. बर्फ होता, उसाच्या रसाच्या गाडीवरून आणलेला.
बाबा रामबागेतून सायकलवर आले,
मला कॅरियरवर बसवलं, पाय लोंबता.
चढावर उतरून सायकल ढकलत एवढंच म्हणाले,
जिंकलात का?
हो म्हटलं.
हरलो होतो.

फायनल इंदूरलाच. उभं राहायला जागा नव्हती.
शेवटचं मिनिट, दोन गुण मागे,
आणि ऋजुता एका पायावर लंगडी घालत बेंचकडे आली.
मी गुडघ्यावर बसले, म्हणजे चांगल्या गुडघ्यावर.
जुनी टेप न काढता वरून बांधली,
घट्ट, फार घट्ट.
ती काही म्हणाली नाही.
माझ्या खांद्यावर तिची बोटं तेवढी रुतली.

पुढचं मी पाहिलेलं नाही.
कात्री बाकाखाली गेली होती, मी तीच शोधत होते.
ओरडा झाला. कोणाच्या बाजूने, कळेना.
मान वर केली तर जिन्सीचे दोन्ही पाय
जमिनीपासून हातभर वर,
आणि विजेतेपदाच्या त्या क्षणाला माझ्या तोंडून निघालं ते
गुडघे वाकवून उतर गं!

करंडक दुकानात आहे. काचेच्या कपाटात,
रतलामी शेवेच्या डोंगराशेजारी.
गिऱ्हाईकं त्याच्यासोबत फोटो काढतात, मग अर्धा किलो तोलून घेतात.
पोरी आपापल्या गावी गेल्या.
ऋजुता महिनाभर कुबडीवर होती,
माझ्यावर रागावली नाही, यानेच मला झोप लागत नाही.
दुसरा हप्ता सोमवारी आहे.

चेंडू माझ्याकडे, फ्रिजवर.
काल वरच्या मजल्यावरची शर्विल आली, आठ वर्षांची.
मागितला. दिला.
तिने दोन्ही हातांनी जमिनीवर आपटला.
धप्प.
"उसळत का नाही?"
मी म्हटलं, यात हवा नाही.
तिने उचलून हुंगला. नाक मुरडलं.
मग दाराकडे पाठ करून
पुन्हा एकदा हुंगला.