वजनकाटा, बालिंगा

गगनबावड्याच्या रस्त्याला, पुलाच्या अलीकडं,
उसाचा सीझन सरला की माझ्या काट्यावर
लाकडाचे ट्रक लागतात.
आधी भरलेला, मग रिकामा.
वजाबाकी मशीन करतं.
मी फक्त मालाचं नाव लिहितो,
तेही इलाही सांगेल ते.
"लिही, जळाऊ."
जांभूळ, जळाऊ. हिरडा, जळाऊ.
एकदा कुंभ्याच्या ओंडक्याला तळहाताएवढा फुटवा होता, ओला,
तोही जळाऊ.
गुऱ्हाळाच्या चुलवाणाला नाव कशाला लागतंय.

एप्रिलातही ट्रकखाली ठिबकायचं.
पावती फाडायला उशीर झाला
की लाल आकडा दहा किलोनं उतरायचा.
"आटप की, रान पळालं बघ,"
इलाही हसायचा.

कुणाचं रान? मालकीचं.
असळजच्या वर, चार भावांच्या सातबाऱ्यावर.
एकाला डंपर घ्यायचा होता,
एकाला काजू लावायचा होता,
एकाला वाटणीची कटकट नको होती,
चौथ्यानं सही केली आणि मग विचारलं, कशावर?
झाडं गेल्यावर सडा उघडा पडला.
उघड्या सड्यावर बॉक्साईटवाले आले.
त्यांची गाडी लाल, ताडपत्री बांधलेली,
झोपलेल्या म्हशीसारखी काट्यावर बसायची.

देवराईला कुणी हात लावला नव्हता.
तातोबा गुरव कुऱ्हाडीपुढं आडवा झोपला होता म्हणे.
पुढं त्याच्याच पोरानं
देवळाला स्लॅब टाकायचा काढला.
देवाची वर्गणी: अकरा ऐन, दोन नाणा.
वजन माझ्याकडंच आहे.
नाण्याची चौकट माझ्या दाराला आहे,
स्वस्तात मिळाली.
रात्री कधी तडकते. बायको म्हणते, कोण आलंय बघा.

दोन वर्षांनी मार्चात तातोबा आला,
हातात पाण्याचा रिकामा कॅन.
"आमचा झरा कुठल्या गाडीतनं गेला,
तेवढं वहीत बघ."
मी वही उघडली.
खरंच उघडली. बोट ठेवून
तीन पानं खाली आलो.
तो उभाच होता.

ऑगस्टात नदी केबिनच्या पत्र्याला लागली.
पाणी सहा दिवस हललं नाही.
सातव्या दिवशी बघतो तर
काट्यावर वीतभर लाल गाळ,
सायीसारखा सपाट,
त्यात एका बगळ्याची पावलं.
वायर पुसून जोडली. वाटलं, मशीन मेलं असणार.
आकडा आला:
अकरा टन तीनशे चाळीस.

ट्रक नव्हता.
इलाही नव्हता.
डोंगर आपल्या आपण उतरून आला होता,
बिनभाड्याचा.

सवयीनं पावती फाडली.
गाडी नंबर, रेघ.
माल...
फावडं घ्यायला वाकलो तेव्हा लक्षात आलं,
भरलेलं वजन झालं,
आता रिकाम्याचं घ्यायचं तर
काटा वर न्यावा लागंल.