दोन दिवसांची पाहुणी

एलुनेडच्या डाव्या हातातून कप निसटायला लागले
त्याला आता तिसरं वर्ष.
पहिल्या डॉक्टरनं वयावर ढकललं,
दुसरी म्हणाली, लोह कमी,
तिसऱ्यानं स्क्रीनवरून डोळे न काढता विचारलं,
घरी काही ताण?
ताण! चारशे मेंढ्या आणि एक नवरा.

कार्डिफहून पत्र येतं:
आपलं पत्र मिळालं. आपण रांगेत आहात.
कसली रांग, पुढच्याची पाठसुद्धा दिसत नाही.
फोन केला तर पियानोचं तेच कडवं
पाऊण तास,
मग खट्ट.
घोंगडं भिजतंय ते भिजतंच आहे.

मेंढी लंगडली की पशुवैद्य
चिखल तुडवत संध्याकाळपर्यंत येतो,
खूर मांडीवर घेतो,
वास घेतो,
आणि सांगतो काय झालंय.

काल तिनं ठरवलं, नाव आपणच ठेवायचं.
ब्लोडवेन.
आईची मावसबहीण,
दोन दिवस राहते म्हणून आलेली,
अकरा वर्षांनी गेली, तीही शवपेटीतून.

"ब्लोडवेन, आज बोटं दे गं,"
पहाटे गोठ्याच्या दाराशी ती म्हणते,
"बाटलीवरची दोन कोकरं आहेत."

कधी देते.
आज नुसता अंगठा.