पोचा

गोअर गावाच्या पुढे, मेंढ्यांच्या कुरणाला लागून पत्र्याची शेड.
आत लॅकलन, आणि ब्रेन कॅरिअर
सुटी करून जमिनीवर मांडलेली,
पट्ट्याच्या कड्या रॉकेलात.

खरवडताना आधी लागला ट्रॅक्टरचा लाल,
मग हिरवा,
मग थेट लोखंड.
वाळूचा रंग कुठेच नाही.
ही लढाईला गेलीच नव्हती.
सत्तेचाळीसच्या लिलावात बापाने घेतली,
झाडांचे बुंधे उपटायला.

तळाच्या पत्र्याखाली
लोकर, सलगमाचं बी,
केसांचा एक गंजका आकडा.

नोलीन विचारते, "हा पोचा काढणार ना?"
तो हातोडा उचलतो, तोलून बघतो.
डाव्या अंगाला, कोपराएवढा खोल :
आई चालवायला शिकली त्या दिवशी
फाटकाचा खांब म्हणे मधे आला.

हातोडा परत खिळ्याला.
खांब अजून तिरकाच आहे.