पंचवीस डॉलरपर्यंत

फेब्रुवारीत खाडी गोठली की पाकिटं येऊ लागतात.
मेनच्या किनाऱ्यावर, टेकडीवरच्या शाळेच्या तळघरात
मी ती सुरीनं उघडते. सुरी लोणी लावायची, बोथट,
कधीतरी वरच्या भटारखान्यातून आणलेली,
परत द्यायची राहिलेली.

दाता दान करी आणि कोठावळा पोट बडवी.
तेवीस वर्षं मी कोठावळ्याच्या खुर्चीत.
पोट बडवत नाही. आभार मानते.
हेडमास्तरांची सही आता
मला त्यांच्यापेक्षा चांगली जमते.

का देतात माणसं या शाळेला,
जिची एका वर्षाची फी म्हणजे
खाली बंदरात एक चांगली वापरलेली बोट, इंजिनासकट?
गरज म्हणावी, तर इथल्या घोड्यांचासुद्धा विमा आहे.
विन्सलो ऍपथॉर्पनं होड्यांसाठी शेड बांधून दिली,
नातवाच्या अर्जाआधी बरोबर चौदा महिने.
कर-सल्लागाराची चिठ्ठी चुकून त्याच पाकिटात आली होती.
मी ती घडी मोडू न देता परत पाठवली.
एक बाई दरवर्षी लॅटिनच्या वर्गासाठी चेक धाडते
आणि खाली लिहिते, लॅटिनचे मास्तर
मेले तरी तिचा राग गेलेला नाही.
तिचा चेक मला आवडतो.

आणि ओदील थिबोदो. अकरा डॉलर.
एक दहाची, एक एकची, इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट.
फूल ना फुलाची पाकळी म्हणतात,
त्या पाकळीचाही एक कोपरा.
एकतीस वर्षं ती वर, भांड्यांच्या वाफेत उभी होती.
तिचा रेमी फी-माफीवर शिकायचा.
दहावीत असताना संगीताच्या खोलीतला ट्रम्पेट
त्याच्या पलंगाखाली सापडला.
त्याच दुपारी ट्रंक टेकडी उतरली,
एका कडीला तो, एका कडीला आई.
चार वाजता ती परत आली,
रात्रीचं सूप ढवळायचं होतं.

मला वाटायचं, ट्रम्पेट फेडते आहे.
एका वर्षी धीर करून कळवलं,
की हिशेबानं तो कधीच फिटला, आता पुरे.
पोस्टकार्ड आलं, अक्षर शिंप्याच्या टाक्यांसारखं:
"ट्रम्पेटचे तुम्ही त्याच वर्षी पगारातून कापलेत.
पावती तुमच्याचकडे आहे. शोधा."
शोधली. होती.

मग फॉर्म नीट वाचला मी, पहिल्यांदाच.
देणगीदाराचं नाव: तिथं ती स्वतःचं लिहीत नाही.
रेमी थिबोदो.
पुढची ओळ, शाळा कोणत्या साली संपली?
१९८३.

सप्टेंबरात अहवाल निघतो, जाड गुळगुळीत कागदाचा.
पुढची पानं मोठ्या आकड्यांची, ठळक अक्षरांत.
अगदी शेवटी, तळटीप वाटावी इतक्या बारीक टाइपात,
पंचवीस डॉलरपर्यंत. आणि त्यात सालवार, वर्णानुक्रमे,
थेयर, थिबोदो, थर्लो.
थेयर पोर्टलंडला न्यायाधीश आहे, आणि चिक्कू.
थर्लोचं मला माहीत नाही.
दोघांच्या मध्ये एक मुलगा,
ज्याचं नाव वर्गाच्या फोटोत नाही, रजिस्टरात खोडलेलं,
आणि इथं कोणी खोडू शकत नाही,
कारण पैसे जमा झालेत.

रेमी हल्ली हीटिंगचं तेल पोचवतो,
आमच्याही टाकीत. साठीला टेकलाय.
आईच्या पाकिटाचं त्याला ठाऊक आहे का,
मी विचारलेलं नाही.
पाइप जोडताना तो शीळ घालतो, सुरात, ओठ घट्ट दाबून.

दरवर्षी संगणक मला अडवतो:
या सालच्या विद्यार्थ्यांत हे नाव नाही.
तरीही नोंदवायचं?
मी हो दाबते. एवढंच माझं दान,
आणि त्याची पावती मी फाडत नाही.

या वर्षी पाकीट उशिरा आलं. आत बारा डॉलर.
चिठ्ठीवर एकच शब्द:
महागाई.